रोलर ब्लाइंड खिडकीच्या खाचेत बसवायचा की बाहेर भिंतीवर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बेडरूमची पश्चिमेकडची खिडकी आहे, 5 फूट रुंद आणि 4 फूट उंच. तीन ट्रॅकची ॲल्युमिनियम स्लायडिंग, म्हणजे दोन काचा आणि एक मच्छरजाळी. भोवती ग्रॅनाइटची चौकट. ब्लॅकआउट, म्हणजे उजेड पूर्ण अडवणाऱ्या कापडाचा रोलर ब्लाइंड (नळीवर गुंडाळला जाणारा पडदा) चौकटीच्या आत बसवावा की बाहेर खोलीतल्या भिंतीवर, आणि ड्रिल न करता काम भागेल का?

उत्तर आधी देतो. ही खिडकी बेडरूमची आणि पश्चिमेची आहे, तेव्हा ब्लाइंड बाहेर भिंतीवर, खिडकीच्या वरच्या लिंटेलमध्ये (काँक्रीटच्या आडव्या पट्टीत) स्क्रू मारून बसवा. ड्रिल करावंच लागेल. हीच खिडकी हॉलची किंवा अभ्यासाच्या खोलीची असती तर उत्तर कदाचित उलट आलं असतं. दुकानात गेल्यावर सगळा वेळ कापडाच्या रंगात जातो, आणि ब्लाइंड कुठे बसणार हे फिटिंगवाला आल्यावर ठरतं. तोपर्यंत माप कापून झालेलं असतं. म्हणून कापडाआधी टेप.

सुरुवात खाचेपासून करा. खाच म्हणजे ॲल्युमिनियमच्या चौकटीपासून खोलीतल्या भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत, भिंतीच्या जाडीत जी जागा उरते ती. जुन्या 9 इंची विटांच्या भिंतीत ही जागा सहज चार-पाच इंच मिळते. नव्या इमारतींत बाहेरची भिंत बहुधा 6 इंची असते, मग ती काँक्रीटची असो वा ब्लॉकची. दोन ट्रॅकची चौकट त्यातले सुमारे अडीच इंच खाते, तीन ट्रॅकची साडेतीन. उरले दोन-अडीच इंच. त्यातही सगळी जागा कामाची नसते, कारण काचेचं हँडल किंवा लॉक अर्धा-पाऊण इंच पुढे आलेलं असतं, आणि जाळीची पकड सगळ्यात आतल्या ट्रॅकवर, म्हणजे ब्लाइंडच्या अगदी तोंडाशी असते. ग्रिल आतल्या बाजूने असेल तर खाचेचा विषय तिथेच संपला.

घरगुती रोलरची नळी बहुतेक 38 मिलिमीटरची असते. 4-5 फूट कापड तिच्यावर गुंडाळलं की गुंडाळी सुमारे 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच होते. ब्रॅकेट धरून अडीच इंच जागा हवी. झेब्रा ब्लाइंडचं (आलटूनपालटून जाड-विरळ पट्ट्यांचं) कापड दुहेरी असतं आणि वर कॅसेट, म्हणजे गुंडाळी झाकणारी पेटी येते, त्याला तीन ते चार इंच लागतात. एक इंची आडव्या पात्यांचा ॲल्युमिनियम व्हेनेशियन ब्लाइंड सगळ्यात कमी जागेत मावतो, त्याची वरची पेटी जेमतेम इंचभर असते. पाती आडवी झाली की दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच फिरायला मिळालं तरी पुरे. व्हर्टिकल ब्लाइंडच्या 4 इंची उभ्या पट्ट्या स्वतःभोवती फिरतात, त्यांना पट्टीच्या मध्यापासून प्रत्येक बाजूला दोन इंचांहून थोडी जास्त मोकळीक द्यावी लागते. घरच्या खाचेत व्हर्टिकल बसवायच्या भानगडीत सहसा पडू नये.

जागा अर्धा इंच कमी पडते आणि रोलर खाचेतच हवा आहे, असं झालं तर तो थोडा बाहेर डोकावला तरी चालतो. दिसायला फार वाईट दिसत नाही. मात्र ब्रॅकेटचे दोन्ही स्क्रू पूर्ण आत गेले पाहिजेत. एकाच स्क्रूवर लटकवलेलं ब्रॅकेट रोजच्या ओढण्याने फिरत जातं.

आता गुंडाळीची दिशा. ऑर्डर देताना ही बाब सहसा कोणी विचारत नाही आणि नंतर तीच नडते. सरळ गुंडाळीत कापड नळीच्या मागून, म्हणजे काचेकडून खाली येतं. उलट्या गुंडाळीत ते नळीच्या पुढून, खोलीकडून येतं. फरक जवळजवळ दोन इंचांचा. खाचेत बसवताना हँडल, लॉक, जाळीची पकड यांना कापड घासू नये म्हणून उलटी गुंडाळी मागा. भिंतीवर बसवताना सरळ गुंडाळी घ्या, म्हणजे कापड भिंतीपासून अर्ध्या इंचावर राहतं आणि कडेने येणारा उजेड कमी होतो. त्यातही एक अडचण आहे. खालची ग्रॅनाइटची पट्टी भिंतीच्या पुढे पाऊण-एक इंच काढलेली असते, आणि सरळ गुंडाळीचं कापड तिच्यावर येऊन टेकतं. अशा वेळी एकतर ब्लाइंड सिलपर्यंतच (म्हणजे या खालच्या पट्टीपर्यंतच) ठेवा, नाहीतर ब्रॅकेटच्या मागे पाऊण इंच जाडीची लाकडी पट्टी घालून सगळा ब्लाइंडच पुढे घ्या.

बेडरूमसाठी भिंतच का, ते आकड्यात बघा. रोलरचं कापड दोन ब्रॅकेटच्या अंतरापेक्षा सव्वा ते दीड इंच अरुंद असतं, कारण टोकांना ब्लाइंड वर-खाली करायच्या साखळीची यंत्रणा आणि खुंटी बसते. म्हणजे खाचेत बसवलं की दोन्हीकडे अर्धा ते पाऊण इंचाची उभी फट राहणारच. साखळीच्या बाजूला जरा जास्त. 48 इंच उंचीची पाऊण इंची फट दोन्हीकडे धरली तर 72 चौरस इंच, म्हणजे बरोबर अर्धा चौरस फूट उघडी जागा झाली. कापड शंभर टक्के ब्लॅकआउट असलं तरी एप्रिलमधलं दुपारचं ऊन त्या फटीतून पलंगावर दोन पट्टे ओढतं. दोष कापडाचा नसतो. दुकानदार यावर साइड चॅनेल, म्हणजे कापडाच्या कडा ज्यात सरकतात अशा बाजूच्या उभ्या पट्ट्या सुचवतील. तो उपाय चांगला आहे, पण त्यासाठी खाच अगदी काटकोनात लागते, आणि आपल्याकडच्या गिलाव्यात तशी खाच क्वचितच सापडते.

भिंतीवर बसवताना दोन्ही बाजूंना 4 इंच, वर 5 इंच आणि खाली 4 इंच जादा घ्या. या खिडकीचं माप मग 68 इंच बाय 57 इंच होतं. खिडकी 20 चौरस फुटांची, ब्लाइंड जवळजवळ 27 चौरस फुटांचा. बिल चौरस फुटावर होतं, त्यामुळे खर्च तिसऱ्या हिश्श्याने वाढतो हे आधीच धरून चला. लहान खिडक्यांना बरेच विक्रेते किमान चौरस फुटांचं बिल लावतात. तिथे खाच आणि भिंत यांच्या किमतीत फरकच उरत नाही, मग भिंतीवरचाच घ्यावा.

जादा घ्यायला जागा आहे का, तेही तपासा. बेडरूमची खिडकी बऱ्याचदा कोपऱ्याला चिकटलेली असते आणि एका बाजूला दोन-तीन इंचच भिंत असते. दुसऱ्या बाजूला वॉर्डरोबचं दार उघडताना ब्लाइंडला लागतं. वर एसीचं युनिट असेल तर त्याच्या खालच्या झाकणाला उघडायला जागा सोडा. एका बाजूला फक्त दोन इंच मिळत असतील तर साखळी दुसऱ्या बाजूला घ्या आणि त्या दोन इंचांवर समाधान माना.

भिंत कसली आहे

खिडकीच्या वर बहुतेक ठिकाणी आरसीसी लिंटेल असतं, नाहीतर खिडकी थेट बीमलाच भिडलेली असते. दोन्हीकडे ड्रिल काँक्रीटमध्येच जाणार. लिंटेल खिडकीच्या दोन्ही बाजूंना साधारण 6 इंच भिंतीत शिरलेलं असतं. वर सांगितलेले 4 इंच जादा घेतले तर ब्रॅकेट नेमकं काँक्रीटवर येतं. हौसेने 8-10 इंच घेतले की ते वीट किंवा ब्लॉकवर जातं.

पहिल्या भोकातून पडणारी भुकटी बघा. लाल असेल तर वीट. करडी, आणि ड्रिल रडतखडत आत जातंय, तर काँक्रीट. पांढरट-करडी आणि बिट लोण्यासारखं आत गेलं, तर एएसी ब्लॉक, ज्याला कारागीर सिपोरेक्स म्हणतात. नुसतीच पांढरी असेल तर अजून जिप्समच्या थरातच आहात, पुढे जा.

काँक्रीटला हॅमर ड्रिल आणि 6 मिलिमीटरचं मेसनरी बिट लागतं. बिट इंचभर आत जाऊन अडलं आणि आवाज धातूचा आला, तर लोखंडी सळई लागली आहे. जोर लावून उपयोग नाही, बिटचं टोक जातं. भोक इंचभर बाजूला घ्या. म्हणूनच ब्रॅकेटच्या जागा पेन्सिलने कायमच्या ठरवण्याआधी एक-एक भोक मारून बघणं शहाणपणाचं. विटेला आणि काँक्रीटला 6 मिलिमीटरची गट्टी (स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी) आणि 8 नंबरचा स्क्रू पुरतो. दीड इंची स्क्रू सर्रास वापरतात, पण त्यातला अर्धा-पाऊण इंच नुसत्या गिलाव्यात जातो. दोन इंची घ्या. भोक गट्टीपेक्षा एक सेंटिमीटर जास्त खोल मारा आणि भुकटी फुंकून काढा. भुकटी राहिली की गट्टी पूर्ण बसत नाही आणि स्क्रू घट्ट होण्याआधीच गोल फिरतो.

एएसी ब्लॉकमध्ये हॅमर बंद ठेवा. हा ब्लॉक विटेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच वजनदार, सच्छिद्र असतो. हॅमरने भोक 6 चं 9 होतं आणि गट्टी हाताने निघते. साध्या फिरत्या ड्रिलने, गट्टीच्या मापापेक्षा किंचित बारीक भोक पाडा आणि अडीच इंची लांब नायलॉन गट्टी ठोकून बसवा. इथे वजनाचा हिशेब लोक चुकीचा करतात. 5 फुटी रोलर सगळा मिळून तीनेक किलोचा असतो, तेवढं कुठलीही गट्टी धरते. गट्टी सैल होते ती रोज सकाळ-संध्याकाळ साखळीला बसणाऱ्या हिसक्यांनी. म्हणून साखळीच्या बाजूचं ब्रॅकेट आधी निखळतं. दोन्ही बाजू सारख्या मजबूत करता येत नसतील तर साखळी मजबूत बाजूला द्या.

भिंत भरवशाची नसेल, किंवा आधीच्या पडद्याच्या रॉडने तिची चाळण झाली असेल, तर सगळ्यात खात्रीचा उपाय लाकडी पट्टीचा. पाऊण इंच जाड, तीन इंच रुंद, ब्लाइंडच्या लांबीची प्लायची किंवा सागाची पट्टी घ्या. जिथे जिथे घट्ट जागा मिळेल तिथे चार-पाच स्क्रू मारून ती भिंतीला बसवा, भिंतीचाच रंग द्या, आणि ब्रॅकेट तिच्यावर हव्या त्या जागी लावा. सिल पुढे आल्याची मघाची अडचणही यातच सुटते.

फॉल्स सीलिंगला ब्रॅकेट लावायचा मोह आवरा. जिप्समचा बोर्ड अर्धा इंच जाड असतो, स्क्रू त्यात तग धरत नाही. घराचं काम अजून चालू असेल तर सीलिंग बंद होण्याआधी त्या जागी वरून 18 मिलिमीटरचा प्लाय टाकून घ्या आणि त्याच्या जागेचा फोटो काढून ठेवा. मग सीलिंग फिटिंग उत्तम होतं आणि ब्लाइंड दिसतही नाही.

भोक मारण्याआधी वायरिंगचा अंदाज घ्या. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि एसीच्या पॉइंटपासून आडव्या रेषेत पाइप असण्याची शक्यता मोठी असते. मेन बंद करून बॅटरीच्या ड्रिलने काम करणं सगळ्यात बरं.

चौकटीला स्क्रू मारू नका

ॲल्युमिनियमच्या वरच्या ट्रॅकमध्ये सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू मारून ब्लाइंड लावणारे फिटर भेटतात, पाच मिनिटांत काम होतं म्हणून. स्लायडिंगची काच काढताना ती आधी वर उचलावी लागते, मग खालचं चाक ट्रॅकमधून सुटतं. स्क्रूचं टोक त्या पोकळीत उतरलं की काच वर जाणार नाही. जाळी धुवायला काढताना हे लक्षात येतं, तेही ब्लाइंड लावून सहा महिने झाल्यावर. खालच्या ट्रॅकला तर हातही लावू नका. तिथल्या बारीक खाचांमधून पावसाचं पाणी बाहेर जातं. तिथे भोक पडलं तर तेच पाणी घरात येतं. यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) चौकटीला भोक पाडलंत तर बनवणाऱ्याची वॉरंटी धोक्यात येऊ शकते, आधी विचारून घ्या.

ग्रॅनाइटच्या चौकटीला भोक पाडता येतं, पण जपून. हॅमर बंद, काचेसाठीचं किंवा डायमंड बिट, थोडं थोडं पाणी, आणि कडेपासून किमान इंचभर अंतर. पट्टी पाऊण इंच जाड असते, तिच्या मागे मसाला नीट भरलेला नसेल तर ती पोकळ वाजते. पोकळ वाजली की तिथे ड्रिल नको.

माप

खाचेसाठी रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या आणि सगळ्यात कमी आलेली धरा. उंचीही तीन ठिकाणी. रोलरसाठी त्यातली सगळ्यात जास्त धरा, कारण जादा कापड नळीवर राहतं. दोन्ही कर्ण मोजा. त्यांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर खाच तिरकी आहे. ब्लाइंड पाणसळीत लावला तरी खालच्या पट्टीचं सिलपासूनचं अंतर एका बाजूला जास्त दिसेल आणि ते रोज डोळ्यांत खुपेल. अशी खिडकी भिंतीवरच्या ब्लाइंडने झाकलेली बरी.

ऑर्डरच्या कागदावर ‘खाचेचं माप’ की ‘तयार ब्लाइंडचं माप’ हे शब्दांत लिहा. तुम्ही मोकळीक म्हणून अर्धा इंच कमी करता, कारखाना पुन्हा तेवढाच कमी करतो, आणि ब्लाइंड इंचभर अरुंद येतो. कमी करायचं काम कारखान्यावर सोडा. आधी रुंदी, मग उंची लिहा. फूट-इंच-सूत आणि मिलिमीटर यांची सरमिसळ नको. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. सुतार सुतात सांगतो, कारखाना मिलिमीटरमध्ये कापतो, आणि खाचेत बसवायच्या ब्लाइंडला दोन सुतांची चूकही घासायला पुरते.

हॉलच्या 8-10 फुटी स्लायडिंग दाराला एकच रोलर करू नका. 38 मिलिमीटरची नळी तेवढ्या लांबीला मध्ये झुकते आणि कापडावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या सुरकुत्या येतात. दोन ब्लाइंड करा आणि त्यांच्यामधली फट काचांच्या मधल्या उभ्या जोडावर येईल अशी रुंदी वाटून घ्या. तशी ती दिसत नाही.

ब्रॅकेट लावताना खिडकीच्या कडेला समांतर न लावता पाणसळीतच लावा. नळी दोन-तीन मिलिमीटर तिरकी असली तरी कापड गुंडाळताना एका बाजूला सरकतं आणि त्याची कड ब्रॅकेटला घासून धागे निघतात. पाणसळ बरोबर असूनही सरकत असेल तर कापड पूर्ण खाली सोडा. ज्या बाजूला ते सरकतं तिच्या विरुद्ध टोकाला, नळीवर मास्किंग टेपचा दोन इंची तुकडा चिकटवा आणि पुन्हा गुंडाळून बघा. एका तुकड्याने भागलं नाही तर त्यावर दुसरा.

ड्रिल न करता

भाड्याच्या घरासाठी हा प्रश्न रास्त आहे. खाचेच्या दोन बाजूंमध्ये दाबून बसणारे स्प्रिंगचे ब्लाइंड मिळतात. चार फुटांपर्यंतच्या हलक्या ब्लाइंडला ते चालतात, 5 फुटांवर घसरायला लागतात. दुहेरी टेपचे ब्रॅकेट ॲल्युमिनियमवर किंवा गुळगुळीत ग्रॅनाइटवर बऱ्यापैकी टिकतात, पृष्ठभाग स्पिरिटने पुसून कोरडा केला तर. रंगवलेल्या भिंतीवर नाही, कारण टेप रंगाला चिकटते आणि रंग पुट्टीसकट सुटून येतो. उन्हाने तापणाऱ्या पश्चिमेच्या चौकटीवर टेपचा गोंद मऊ पडतो, त्यामुळे या खिडकीला तोही मार्ग नको. जुन्या पडद्याच्या रॉडची भोकं असतील तर आधी सांगितलेली लाकडी पट्टी त्याच भोकांत बसवून घ्या. घरमालकाला नवीन भोक दिसत नाही.

पावसाळा आणि वारा

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात साधे लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात आणि भिंतीवर तांबडे ओघळ येतात. स्टेनलेस स्टीलचेच वापरा, फरक काही रुपयांचा आहे. खाचेतला ब्लाइंड सिलवर टेकेपर्यंत सोडू नका, अर्धा इंच वर थांबवा. सिलवर साचलेलं पाणी कापड वर शोषतं आणि ब्लॅकआउटच्या मागच्या थरावर काळे ठिपके येतात, ते धुऊन जात नाहीत. खिडकी उघडी ठेवून ब्लाइंड खाली सोडायची सवय असेल तर खाचेतलं कापड वाऱ्याने उघड्या अर्ध्यात ओढलं जातं आणि खालची पट्टी चौकटीवर आपटत राहते. भिंतीवरचा ब्लाइंड त्या मानाने शांत राहतो, कारण त्याचं कापड कडेच्या भिंतीवर टेकतं. लाकडी पात्यांचा व्हेनेशियन समुद्राजवळ घेऊ नका. ॲल्युमिनियम किंवा पीव्हीसी घ्या. स्वयंपाकघरातही तेच, ओट्याजवळच्या कापडाच्या ब्लाइंडवर तेलाचा थर बसतो आणि तो निघत नाही.

साखळी कुठल्या बाजूला, हे पलंग कुठे आहे त्यावर ठरवा. पलंगाच्या किंवा सोफ्याच्या बाजूला लोंबणारी गोल साखळी लहान मुलांच्या गळ्यात अडकू शकते. तिच्यासोबत प्लास्टिकचा एक छोटा क्लॅम्प येतो. तो साखळी ताणून भिंतीला स्क्रूने बसवायचा असतो. फिटर बहुतेक वेळा तो पाकिटातच ठेवून जातात, मागून घ्या आणि बसवून घ्या. तो जमिनीपासून किमान 5 फुटांवर यायला हवा. बिनजोड साखळी गोल गोल फिरत राहते, त्यामुळे साखळी दोन-अडीच फुटांची असली तरी 57 इंचांचा ब्लाइंड पूर्ण खाली-वर होतो. जोड असलेली साखळी आली तर तिची कडी चक्रात अडकते, म्हणून ऑर्डर देतानाच बिनजोड आणि आखूड असं लिहून द्या.